तीन वाजताची जाग आणि व्हॅलेरियनचं मूळ

झोपेच्या गोळ्यांबद्दल या सदरात लिहिलं, त्यानंतर आलेल्या पत्रांत एकाच वनस्पतीचं नाव पुन्हा पुन्हा दिसलं: व्हॅलेरियन. रुग्णालयाच्या औषध विभागात मी बावीस वर्षं काम केलं. लोक खिडकीतून डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवायचे आणि मग आवाज खाली आणून विचारायचे, "याच्याबरोबर झाडपाल्याचं एक घेतो, ते चालेल ना?" डॉक्टरांना न विचारलेला प्रश्न तिथे विचारला जायचा. तुमच्या पत्रांतही तोच दबका आवाज ऐकू आला, म्हणून या वेळचं सगळं सदर त्या पत्रांना दिलं आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, वय ५२. वर्षभर रात्री तीनच्या सुमाराला जाग येते आणि मग उजाडेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मैत्रिणीने व्हॅलेरियनच्या कॅप्सूल दिल्या. झोपताना एक, अशा चार रात्री घेतल्या. काडीचा फरक नाही. दोन घेऊ का? की हे सगळं थोतांडच आहे? बाटलीवर 'मूळ चूर्ण ४५० मिलीग्रॅम' असं लिहिलं आहे.

ताई, दोन घेऊ नका आणि थोतांड म्हणून टाकूनही देऊ नका. बाटलीवरचा मजकूर तुम्ही उतरवून पाठवलात हे फार बरं केलंत, कारण खरी मेख तिथेच आहे. तुमच्या कॅप्सूलमध्ये मुळाची नुसती पूड आहे. युरोपीय औषध संस्था प्रौढांसाठी जी मात्रा सांगते ती कोरड्या अर्काची आहे: ४०० ते ६०० मिलीग्रॅम, झोपण्याआधी अर्धा ते एक तास. पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये मूळ भिजवून, गाळून, आटवून हा अर्क काढतात आणि एक भाग अर्कासाठी साधारण तीन ते सात भाग मूळ लागतं. म्हणजे तुमच्या ४५० मिलीग्रॅम पुडीचा अर्क ६० ते १५० मिलीग्रॅमच्या आसपास भरेल. लेबलवरचे आकडे सारखे दिसले तरी वस्तू वेगळी आहे. पण म्हणून पुडीच्या पाच-सहा कॅप्सूल एकदम घेण्याचा हिशेबही करू नका. घ्यायचंच असेल तर 'अर्क' असं स्पष्ट लिहिलेलं आणि त्याचं प्रमाण सांगणारं उत्पादन घ्या. त्यावर लिहिलेल्या मात्रेबाहेर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, चार रात्रींत काही कळत नाही. व्हॅलेरियनचा गुण हळूहळू येतो. दोन ते चार आठवडे रोज घेतल्यावरच 'आला' किंवा 'नाही आला' असं म्हणता येतं. झोपेची गोळी घेतली की अर्ध्या तासात पापण्या जड होतात, तसं इथे होत नाही.

ते काम कसं करतं? आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन आहे. चेतापेशींची धावपळ शांत करणं हे त्याचं काम. व्हॅलेरियनच्या मुळातलं व्हॅलेरेनिक आम्ल गाबाच्या ग्राहींवर (गाबाचा संदेश घेणाऱ्या, पेशींवरच्या रचनांवर) बसून हा शांतवण्याचा परिणाम वाढवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रयोगशाळेत दिसलं ते माणसाच्या अंथरुणापर्यंत किती पोहोचतं, हा पुढचा प्रश्न. २००६ साली १६ चाचण्या आणि १,०९३ माणसं यांचा एकत्रित आढावा निघाला. झोप सुधारली असं सांगणारे लोक व्हॅलेरियनच्या बाजूला अधिक होते. पण बऱ्याच चाचण्या कच्च्या होत्या आणि चांगले निकाल तेवढे छापून आले असावेत, ही शंका त्या आढाव्यातच नोंदवली आहे. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीने २०१७ मध्ये निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये असं सुचवलं. युरोपीय संस्था मात्र सौम्य ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी अर्काचा वापर मान्य करते. दोघांसमोर पुरावा साधारण तोच आहे, कौल वेगळा आहे. माझं मत विचाराल तर गुण असलाच तर तो लहान आहे, निरोगी माणसाला थोड्या काळासाठी धोकाही लहान आहे आणि त्यामुळे मुदत ठरवून करून पाहायला हरकत नाही. मुदत ठरवून, हे मी जोर देऊन सांगते.

आता तुमची तीन वाजताची जाग. मला कॅप्सूलपेक्षा तिची जास्त काळजी वाटते. गाढ झोप रात्रीच्या पूर्वार्धात जास्त असते, उत्तरार्धात झोप पातळ होत जाते. त्यामुळे त्या वेळी जाग येणं हे काही विपरीत नाही. जाग आल्यावर परत झोप न लागणं ही खरी अडचण आहे. तुमच्या वयाला मी तीन गोष्टी आधी विचारीन. जाग येते तेव्हा अंग घामेजलेलं असतं का, चेहऱ्यावर गरम लाट आल्यासारखं होतं का? मग हा पाळी जाण्याच्या काळातला त्रास असू शकतो आणि त्यावर वेगळे उपाय आहेत. घरच्यांनी कधी सांगितलंय का, की तुम्ही जोरात घोरता आणि मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटतो? मग झोपेत श्वास अडखळण्याचा विकार तपासून घ्यायला हवा. आणि तिसरं, पहाटे जाग येते तेव्हा मन कसं असतं? कशातच गोडी वाटत नाही, उगाच रडू येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर ते नैराश्य असू शकतं. या तिन्हींतलं काहीही व्हॅलेरियनने बरं होत नाही. ते घेत बसलं तर निदानाचे महिने मात्र वाया जातात.

मी स्वतः व्हॅलेरियन घेतलं आहे. आई गेली त्या वर्षी माझी झोप पार उडाली होती. मी अर्काची गोळी तीन आठवडे घेतली आणि एका शाळकरी वहीत रोज सकाळी चार रकाने भरले: दिवा किती वाजता मालवला, अंदाजे किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळा उठले, सकाळी डोकं कसं होतं. पहिल्या आठवड्यात काहीच नाही, फक्त दोन सकाळी डोकं जड. दुसऱ्या आठवड्यात स्वप्नं फार लख्ख पडू लागली. त्यात आई असायची, म्हणून मी त्याला त्रास म्हणणार नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर झोप लागायला दहा-पंधरा मिनिटं कमी लागत होती. ती गोळीमुळे की दुःख जरा निवल्यामुळे, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण वहीने एक भलतीच गोष्ट दाखवली. ज्या दुपारी मी पडून दीड-दोन तास झोपत होते, त्याच रात्री तळमळत काढत होते. तीन आठवड्यांत पाच वेळा तसं झालं आणि पाचही वेळा ओळी तशाच. दुपारची झोप सोडली आणि बाटली संपल्यावर दुसरी आणली नाही.

म्हणून तुम्हीही वही करा. पहिला आठवडा काहीही न घेता नुसत्या नोंदी. मग हवं तर तीन-चार आठवडे अर्क. दोन आठवड्यांनंतरही त्रास तसाच असेल किंवा वाढला असेल तर डॉक्टरांकडे जा, वही सोबत न्या. आणि जाग आल्यावर वीस मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं, तर अंथरुणात कूस बदलत राहू नका. घड्याळ न पाहता उठा, मंद उजेडात बसून काहीतरी निवांत करा, पेंग आली की मगच परत आडव्या व्हा. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच, रात्र कशीही गेली तरी. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचारातला हा एक भाग आहे. जुन्या निद्रानाशावर गोळ्यांच्याही आधी हे उपचार द्यावेत, असं अमेरिकेतल्या वैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे. पहिले दहा-बारा दिवस जड जातील. धीर सोडू नका.

प्रश्न : नवी बाटली उघडली तर मळक्या मोज्यांसारखा वास आला. औषध खराब झालंय का? आमची मांजर त्या बाटलीभोवती लोळण घेते!

खराब झालेलं नाही. मूळ वाळताना त्यात आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं आणि घामेजलेल्या पायांना वास येतो तोही याच आम्लाचा. ताज्या मुळाला इतका वास नसतो, आणि फुलं तर चक्क गोड वासाची असतात. या वासामुळेच बहुतेक लोक चहासारखा काढा न घेता गोळी घेतात. मांजरांना मुळातल्या काही द्रव्यांची ओढ असते, म्हणून बाटली झाकण घट्ट लावून वर ठेवा. वासात बुरशीची झाक असेल किंवा गोळ्या ओलसर, चिकट झाल्या असतील तर मात्र टाकून द्या.

प्रश्न : व्हॅलेरियन म्हणजेच तगर, असं वाचलं. आमच्या अंगणात तगरीचं मोठं झाड आहे, पांढरी फुलं येतात. त्याची मुळं उकळून घेतली तर चालतील का?

नाही, अजिबात नाही. हे पत्र वाचून मी त्याच दिवशी पत्रलेखकांना उत्तर पाठवलं, छापून येईपर्यंत थांबले नाही.

घोळ नावाचा आहे. आयुर्वेदात 'तगर' म्हणून जे मूळ वापरतात ते हिमालयात होणाऱ्या, व्हॅलेरियनच्याच कुळातल्या छोट्या वनस्पतीचं: व्हॅलेरियाना जटामांसी. तिला तगरगंठोडा असंही म्हणतात. अंगणातली तगर, जिची चक्रासारखी पांढरीशुभ्र फुलं आपण वेचतो आणि जिची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, ती सर्वस्वी वेगळी. तिचं शास्त्रीय नाव टॅबरनेमोन्टाना. ती करवंद आणि कण्हेर यांच्या कुळातली आहे आणि तिच्या मुळासालीत चेतासंस्थेवर परिणाम करणारी अल्कलॉइडं असतात. चीक दिसला की ओळखा, ही ती नव्हे.

आणखी एक गुंता सांगून ठेवते. 'जटामांसी' या नावाने जे औषध मिळतं ते बहुधा तिसऱ्याच वनस्पतीचं, नार्डोस्टॅकिसचं असतं. युरोपीय व्हॅलेरियनवर झालेल्या चाचण्यांचे निकाल या दोघींना जसेच्या तसे लावता येत नाहीत. म्हणून मराठी नावावर विसंबू नका, बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचा. चाचण्या झाल्या आहेत त्या मुख्यतः व्हॅलेरियाना ऑफिसिनॅलिसवर.

प्रश्न : वय २६. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की छातीत धडधड, तळहात ओले, आवाज कापतो. पुढच्या महिन्यात मोठं सादरीकरण आहे. व्यासपीठावर जाण्याआधी तासभर व्हॅलेरियन घेतलं तर?

बाळा, (माझ्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून असं म्हणते) त्या तासाभरासाठी हे औषध नाही. त्याचा परिणाम सावकाश होतो हे वर आलंच आहे. उलट गुंगी आली किंवा गरगरलं तर ऐन वेळी पंचाईत. घेऊन गाडी चालवत गेलास तर त्याहून वाईट.

चिंतेवरचा पुरावा तर झोपेपेक्षाही तुटपुंजा आहे. कॉक्रेन या नावाजलेल्या आढावा-संस्थेने २००६ मध्ये शोध घेतला तेव्हा चिंताविकारावर व्हॅलेरियनची निकषांत बसणारी एकच चाचणी हाती लागली, तीही फक्त ३६ रुग्णांची. त्यावरून काहीच ठरवता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'नैसर्गिक व्हॅलियम' अशी जाहिरात दिसली तर तीही सोडून दे. व्हॅलियम म्हणजे डायझेपाम, हे चिंता कमी करणारं, गुंगी आणणारं औषध. ते या मुळापासून बनत नाही आणि त्याची रचनाही निराळी आहे. फक्त नावं कानाला सारखी लागतात.

तुझ्याजवळ एक महिना आहे, तो वापर. सादरीकरण उभं राहून, मोठ्याने, आधी एका माणसासमोर, मग तिघांसमोर, मग ओळखीच्या सात-आठ जणांसमोर कर. धडधड सुरू होईल, होऊ दे. थांबू नकोस. ती टिकते त्याहून जास्त वेळ तू बोलत राहिलास की ती आपोआप ओसरते, आणि सरावाने शरीर हे शिकत जातं. पहिली चार वाक्यं तोंडपाठ ठेव, कारण आवाज तिथेच कापतो. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लाव. आणि ही भीती केवळ व्यासपीठापुरती नसेल, तिच्यापायी तू संधी नाकारायला लागला असशील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेट. या त्रासावर चांगले उपचार आहेत आणि तुझं वय ते लवकर घेण्याचं आहे.

प्रश्न : मी पाचव्या महिन्यात आहे. माझी झोप नीट होत नाही आणि नऊ वर्षांचा मुलगाही उशिरापर्यंत जागा असतो. दोघांना थोडं थोडं चालेल का?

दोघांनाही नको. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ते सुरक्षित असल्याची पुरेशी माहिती नाही, आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी ते सुचवलं जात नाही. तुमच्या झोपेबद्दल तपासणीच्या वेळी मोकळेपणाने बोला. पाय वळवळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं होत असेल तर ते आवर्जून सांगा. लोह कमी झाल्यावर असं होतं.

प्रश्न : बाबांचं वय ७४. सहा वर्षांपासून रात्री क्लोनाझेपामची अर्धा मिलीग्रॅमची गोळी घेतात. हल्ली तोल जातो, विसरायलाही लागले आहेत. ही गोळी वाईट, असं सगळे सांगतात. त्यांना न कळवता डबीत क्लोनाझेपामऐवजी व्हॅलेरियन ठेवलं तर? गोळी सोडायला सांगितली की ते चिडतात.

तुमची तळमळ पोहोचली. तरीही हे करू नका, अशी हात जोडून विनंती करते.

क्लोनाझेपाम मेंदूला शांत करून झोप आणतं. ते सहा वर्षं रोज मिळत असताना मेंदूने स्वतःची घडी त्याप्रमाणे बसवून घेतलेली असते. मात्रा लहान असली तरी. ते एका रात्रीत काढून घेतलं तर झोप पूर्वीपेक्षा जास्त उडते, जिवाची घालमेल होते, हात थरथरतात आणि काहींना चक्क झटके येतात. व्हॅलेरियन ती जागा भरून काढू शकत नाही. गाबाशी दोघांचा संबंध आहे एवढ्यावरून एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

एक प्रसंग सांगते. कोण, कुठले, हे सांगणार नाही. एक गृहस्थ खिडकीशी आले, सोबत मुलगी. तिने अगदी तुमच्यासारखंच केलं होतं. डबीच्या 'रात्र' लिहिलेल्या कप्प्यात तिने गोळी बदलली होती. तिसऱ्या रात्री वडील घरभर फिरत होते, भिंतीवर कोणीतरी दिसतंय म्हणत होते. तिने ती डबी माझ्यासमोर ठेवली तेव्हा तिची बोटं इतकी थरथरत होती की झाकण उघडेना. मी उघडलं, आत करड्या-तपकिरी कॅप्सूल होत्या. आम्ही त्यांना तसंच डॉक्टरांकडे नेलं, गोळी पुन्हा सुरू झाली आणि पुढे कित्येक महिने घेऊन ती पायरी-पायरीने उतरवली. ते बरे झाले. पण त्यानंतर कितीतरी दिवस ते प्रत्येक गोळी उजेडात धरून बघायचे आणि मुलीच्या हातून पाणीही घ्यायचे नाहीत. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

तोल जाण्याबद्दल आणि विसरण्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. वयस्कर माणसांत या वर्गातल्या गोळ्यांमुळे पडण्याचा धोका वाढतो आणि डॉक्टर तेवढ्यासाठीच त्या कमी करू पाहतात. मग तोच मुद्दा घेऊन बाबांना सोबत घेऊन जा. 'गोळी सोडा' म्हणू नका, ते चिडणारच. त्यांचा सहा वर्षांचा आधार आहे तो. 'तुमचा तोल का जातो, ते विचारून येऊ' असं म्हणा. कमी करायची ठरली तर डॉक्टर थोडी मात्रा कमी करतील, दोन-चार आठवडे थांबतील, मग पुढची पायरी. मध्ये त्रास झाला तर त्याच पायरीवर मुक्काम. घाई कोणालाच नसते.

आणि या काळात क्लोनाझेपामच्या जोडीला व्हॅलेरियनही देऊ नका. दोन्ही गुंगी आणणारी. रात्री लघवीला उठलेला ७४ वर्षांचा माणूस अंधारात पडला तर एका हाडापायी सगळं घर बदलून जातं. हाच नियम दारूला, अफूवर्गीय वेदनाशामकांना आणि झोप आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांना. बाबांना रात्री उठायच्या वाटेवर आजच एक मंद दिवा लावा.

प्रश्न : हर्नियाची शस्त्रक्रिया तीन आठवड्यांवर आहे. दोन महिने रोज व्हॅलेरियन घेतोय. डॉक्टरांनी औषधांची यादी विचारली तेव्हा हे सांगितलं नाही, औषध थोडंच आहे म्हणून.

आहे, आणि आजच फोन करून सांगा. भुलीच्या औषधांची गुंगी त्यामुळे वाढू शकते, म्हणून शस्त्रक्रियेआधी साधारण दोन आठवडे ते बंद असावं असा सर्वसाधारण संकेत आहे. पण दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत घेणाऱ्याने एकदम सोडल्यावर त्रास झाल्याची नोंदही वैद्यकीय वाङ्मयात आहे. तुमचे दोन महिने झाले आहेत, तेव्हा थोडं थोडं कमी करत जाणं बरं. शेवटचे दोन आठवडे ते बंद असायचं तर कमी करायला हाती जेमतेम एक आठवडा आहे, म्हणून फोन आजच करा. किती दिवसांत किती कमी करायचं ते भूलतज्ज्ञांना विचारूनच ठरवा. तपासणीला जाताना बाटलीच पिशवीत टाका. त्यावरचं शास्त्रीय नाव आणि मात्रा त्यांना स्वतः वाचू दे.